कावळा बसायला आणि पूल बंद पडायला

भोंग्याचं खरं नाव त्याच्या आईला, बायकोला आणि पगार काढणाऱ्या कारकुनाला तेवढं माहीत होतं. बाकी सगळ्या जगासाठी तो भोंगा. नवे साहेब बदलून आले तेव्हा त्यांना हे आडनावच वाटलं. माणूस सभ्य, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते "अहो भोंगे, जरा येता का?" असं अदबीनं म्हणायला लागले आणि काही दिवसांत दारावर 'श्री. भोंगे, वारा विभाग' अशी पाटीही लागली. कुणी चूक दुरुस्त केली नाही. कचेरीत करमणूक फुकट मिळत असली की ती बंद करायला कुणाचा हात पुढे होत नाही. खुद्द भोंग्यानंही केली नाही, कारण बायको सोडली तर त्याला 'अहो' म्हणणारं हे दुसरंच माणूस होतं.

वारा विभागात एकूण माणूस एकच, तो म्हणजे भोंगा. खाडीवर लांबलचक पूल, पुलाच्या मधोमध एक लोखंडी मनोरा आणि मनोऱ्याच्या टोकावर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. यंत्र म्हणजे तरी काय, एका दांडीवर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या. वाट्या किती जोरात फिरतात ते वायरीतून खाली फाटकाच्या खोलीत जायचं आणि तिथल्या पडद्यावर आकडा उमटायचा. आकडा ठरलेल्या हद्दीच्या पुढे गेला की पुलाच्या दोन्ही टोकांची फाटकं आपोआप खाली यायची. या नियमामागं एक इतिहास होता. फार पूर्वी गाद्यांनी भरलेला एक तीनचाकी टेम्पो भर वाऱ्यात पुलावर उताणा पडला होता. गाद्यांवरच पडल्यामुळे ड्रायव्हरला खरचटलंही नाही, पण वर्तमानपत्रात फोटो आला. लगेच मनोरा उभा राहिला, वाट्या आल्या, फाटकं आली आणि नियम आला की शंका वाटली तरी पूल बंद.

त्या वाट्यांची देखभाल भोंग्याकडे. महिन्यातून एकदा, वारा पडलेला असताना, तो कमरेला पट्टा बांधून शिडीनं वर जायचा. जाण्याआधी फाटकाच्या खोलीत बसणाऱ्या मावशीला सांगायचा, "मावशी, आकडा धरून ठेव." मावशी एक बटण दाबायची आणि पडद्यावरचा आकडा होता तिथं थिजायचा. मग वर काही का होईना, फाटकं हलायची नाहीत. ही मावशी म्हणजे फाटकं सांभाळणारी, निवृत्तीला टेकलेली, जिभेनं तिखट बाई. ती कुणाचीच मावशी नव्हती, पण पुलावरून जाणारे ट्रकवालेही तिला मावशीच म्हणत.

वर पोचलं की चारही बाजूंनी कठडा असलेली एक फळी होती, दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. तिच्या मधून वर गेलेल्या खांबावर यंत्र. भोंगा खारट धुळीचा थर पुसायचा, कोळ्यांची जाळी काढायचा, तळाचे स्क्रू आवळून बघायचा. मग वाट्यांना बोटानं एक टिचकी मारायचा आणि कान लावून ऐकायचा. आतली बेअरिंग ठीक असली की वाट्या लोणी कापल्यासारख्या मुकाट फिरायच्या. बेअरिंग गेली असली की बारीक कुरकुर यायची, आणि असं यंत्र वारा असतो त्यापेक्षा कमी दाखवतं. ते धोक्याचं. मग भोंगा ते खाली आणायचा आणि दुसरं बसवायचा. एकदा त्यानं फिरण्याला मदत व्हावी म्हणून वाट्यांच्या बुडाशी तेल घातलं होतं. त्या तेलाला इतकी धूळ चिकटली की भर वादळात यंत्रानं झुळूक दाखवली. त्यानंतर मावशीनं त्याला वर्षभर तेली म्हणून हाक मारली.

हे सगळं काम मन लावून केलं तरी अर्ध्या तासात आटपायचं. भोंगा मात्र चांगला दीड तासानं उतरायचा. उरलेला वेळ तो वर बसून गायचा.

आता त्याच्या गाण्याबद्दल सांगायलाच हवं. भोंग्याचा आवाज मोठा होता आणि त्याला सूर नव्हता. कमी नव्हता किंवा कच्चा नव्हता, नव्हताच. देवानं सूर वाटले तेव्हा हा बहुतेक मनोऱ्यावर असावा. त्यातून याला गाण्याची भयंकर आवड. ज्याला पोहता येत नाही त्यालाच समुद्राचं वेड असावं, तसला प्रकार.

आणि बायको मिळाली ती शाळेतली गाण्याची बाई. कान असा की दुसऱ्या खोलीत कुणी चमचा पाडला तरी तो कुठल्या सुरात पडला ते सांगावं. घरातला फ्रिज आणि छताचा पंखा एकमेकांशी भांडतात म्हणून तिनं पंखा बदलायला लावला होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात भोंग्यानं उत्साहानं तिला एक गाणं म्हणून दाखवलं. नायिका खिडकीत बसून कुणाची तरी वाट बघते, असं ते जुनं गाणं. ती शेवटपर्यंत ऐकत बसली. मग उठून खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, "अहो, मी दिवसभर चाळीस पोरांचे सूर सरळ करते. घरी आल्यावर मला गाणं नको. तुमचं तर नकोच नको. रागावू नका."

भोंगा रागावला नाही. तिचं बरोबर होतं हे त्यालाही कळत होतं, आणि बरोबर असलेल्या माणसावर रागावणं फार कठीण जातं. पण त्याला वाईट वाटलं. त्या दिवसापासून घरात त्यानं तोंडातून सूर काढला नाही. बाथरूममध्येसुद्धा तो नळ सोडून नुसता उभा राहायचा.

म्हणून मनोरा. वर त्याच्या आणि आभाळाच्या मध्ये कुणी नव्हतं, खाली खाडी होती, आणि खाडीतल्या माशांना कान नसतात अशी त्याची समजूत होती. तो पाठ खांबाला टेकवून बसायचा आणि पोटातून, बेंबीच्या देठापासून गायचा. ते खिडकीतलं गाणं तर दर वेळी. पहिल्या काही महिन्यांतच एकदा वॉकीटॉकीचं बटण दप्तराखाली दाबलेलं राहिलं आणि ते गाणं फाटकाच्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मावशीनं बाहेर धावत जाऊन जहाज आलंय का ते बघितलं. त्याच संध्याकाळी त्याचं नाव भोंगा पडलं.

"बायकोला सांगू नकोस हं मावशी," तो म्हणाला होता.

"मी कशाला सांगू?" मावशी म्हणाली. "तिला काय कमी त्रास आहे?"

मनोऱ्यावर त्याला एक श्रोताही होता. एक कावळा. भोंगा गायला लागला की तो कुठंतरी निघून जायचा आणि गाणं संपलं की बरोबर परत यायचा. भोंगा डब्यातला ब्रेड तोडून फळीच्या कडेला ठेवायचा. त्याच्या मते हे श्रोत्याला द्यायचं मानधन होतं. वर जायच्या दिवशी सकाळी तो बायकोला सांगायचा, "आज दोन तुकडे जास्त घाल गं." ती घालायची. का, ते तिनं कधी विचारलं नाही, आणि हा मनात खूश, की बघा, कशी ताकास तूर लागू दिली नाही.

वर्षं अशी गेली. मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून नवं यंत्र आलं.

ते बसवायच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस समजावून सांगायला आला. त्याच्या पँटला इतके खिसे होते की पेन कुठल्या खिशात आहे ते त्यालाही सापडत नव्हतं. यंत्र चार बोटं वर केलेल्या पंजासारखं होतं. वाट्या नाहीत, काहीच फिरत नाही.

"हे आवाजावर चालतं," खिशेवाला म्हणाला. "या बोटातून आवाज निघतो, समोरच्या बोटात पोचतो. वारा मागून आला तर लवकर पोचतो, समोरून आला तर रखडतो. त्यावरून वेग कळतो. झीज नाही, बेअरिंग नाही. वर चढायचं काम जवळजवळ संपलंच म्हणा."

पुढं तो असंही म्हणाला, की हा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येण्यापलीकडचा असतो. पण भोंग्याचे कान 'चढायचं काम संपलं' या वाक्यावर बंद झाले होते. त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं. साहेब मात्र खुशीत होते.

"भोंगे, आता म्हातारपणी शिड्या चढायला नकोत. सध्या महिन्यातून एकदा नजर टाकून या. सगळं सुरळीत चाललं की तेही बंद करू."

दुसऱ्या दिवशी भोंग्यानंच ते यंत्र चढवलं, आणि मनात कितीही आकस असला तरी काम चोख केलं. यंत्राच्या अंगावर एक बाण कोरलेला असतो, तो बरोबर उत्तरेकडे यावा लागतो. लोखंडी मनोऱ्यावर होकायंत्र खोटं बोलतं, म्हणून त्यानं बरोबर उत्तरेला असलेल्या लांबच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावून बाण जुळवला. खांब ओळंब्यात आहे ना ते बघितलं. वायरीला यंत्राखाली एक वळसा दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून आत शिरत नाही. मग मावशीला कळवलं, "झालं. आकडा सोड." पडद्यावर शांत, छोटासा आकडा आला. साहेबांनी खालून अंगठा दाखवला.

भोंग्यानं खरं तर उतरायचं. पण आता आपल्याला इथं फार दिवस येऊ देणार नाहीत, या विचारानं त्याचा पाय निघेना. तो खांबाला टेकून बसला, खिडकीतलं गाणं पूर्ण म्हटलं, ब्रेड काढला आणि फळीवर ठेवायला वाकला. तेवढ्यात वॉकीटॉकीवर मावशी ओरडली, "अरे, काय केलंस? आकडा एकशे ऐंशी! फाटकं पडली!"

समोर पुलावर कागदाचा कपटाही हलत नव्हता. एकशे ऐंशीचा वारा असता तर भोंगा डब्यासकट खाडीपार गेला असता. शंका आली की बंद, हा नियम, त्यामुळे पूल बंद. पुन्हा आकडा शांत व्हायला, पुन्हा उसळायला आणि शेवटी साहेबांची परवानगी घेऊन फाटकं उघडायला बराच वेळ गेला. तोवर दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागल्या. त्यातल्या एका रांगेत भोंग्याची बायको स्कूटरवर होती. त्या दिवशी पलीकडच्या शाळेत गाण्याची स्पर्धा होती आणि तिची पोरं बसनं पुढं गेली होती. बाई पोचली तेव्हा पोरांनी बाईविना गाऊन टाकलं होतं, ते सुद्धा दोन पट्ट्या वर. नंबर शेवटचा.

संध्याकाळी ती तणतणत घरी आली. "वारा नाही, काही नाही, आणि तुमचा पूल बंद. कोण गाढव बसवतं ती यंत्रं?"

गाढव समोरच बसलं होतं. आवाजावर चालणारं यंत्र, आणि त्याच्या बुडाशी बसून आपण बेंबीच्या देठापासून गायलो. दोन अधिक दोन त्यानं पाच केले, पण फार मनापासून केले. त्याला खात्रीच झाली की हा घोटाळा आपल्या गळ्यानं केला. बेसूर गाण्यानं माणसं उठून जातात हे माहीत होतं, पण भर दुपारी वाहतूक ठप्प होते हे त्यालाही नवीन होतं.

पुढच्या खेपेला तो वर गेला तेव्हा गायचं नाही असं ठरवूनच गेला. काम झालं, आकडा सुटला, ब्रेड बाहेर आला, आणि ब्रेड तोडता तोडता सवयीनं त्याच्या नाकातून थोडं गुणगुणणं निसटलं. दोन मिनिटांत पूल बंद. आता तर शंकाच उरली नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं त्याचं झालं. कचेरीत कुणी खोकलं तरी तो दचकायला लागला.

मावशीच्याही काही गोष्टी ध्यानात आल्या होत्या. "एरवी हे यंत्र शहाण्यासारखं चालतं," ती म्हणाली. "तू वर गेलास की पूल बंद पडतो."

साहेबांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी भोंग्याला बोलावलं आणि खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे बातमी वाईट.

"भोंगे, मी आरोप करत नाही. पण तुमचा हात लागला की बिघाड होतो. उद्या शेवटचं वर जा. कारण सापडलं तर ठीक. नाहीतर मनोरा कंपनीच्या माणसांकडे देऊ, आणि तुम्ही पुलाच्या पावतीखिडकीत बसा. पंखा आहे तिथं."

पावतीखिडकी म्हणजे काचेचा एक खोका. तिथं तोंड उघडायचं ते सुट्टे मागायला. भोंगा "बरं" म्हणाला आणि बाहेर येऊन बराच वेळ मनोऱ्याकडे बघत उभा राहिला. उरलेली सगळी नोकरी आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य आता गप्प बसून काढायचं, हे त्याला दिसत होतं. घरी तर तोंडाला कुलूप होतंच. मनोरा गेला तर किल्लीही गेली.

सकाळी बायकोनं विचारलं, "आज दोन तुकडे जास्त ना?"

"घाल," तो म्हणाला. कावळ्याला निरोपाचं काहीतरी द्यायला हवंच होतं.

नेहमीच्या दुपारऐवजी त्या दिवशी तो सकाळीच वर चढला तेव्हा फाटकाच्या खोलीत मावशीच्या मागं साहेब उभे होते. भोंग्यानं प्रत्येक स्क्रू तपासला, प्रत्येक जोड हातानं ओढून बघितला. बाण टाकीकडेच होता. चारही बोटं स्वच्छ. तो श्वाससुद्धा नाकानं, बेतानं घेत होता.

"आकडा काय मावशी?"

"बारा. सरळ आहे."

सगळं ठीक आहे, म्हणजे कारण सापडलेलं नाही, म्हणजे पावतीखिडकी. तो खांबाला टेकून खाली बसला, ओठ घट्ट मिटले आणि ब्रेड काढून फळीच्या कडेला ठेवला. डोक्यावर कुठंतरी पंख फडफडले.

"एकशे ऐंशी!" मावशी म्हणाली. "फाटकं पडली. भोंग्या, खरं सांग, गातोयस का?"

"आईशप्पथ नाही मावशी. तोंड मिटलंय माझं."

आणि हे बोलता बोलता त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. इतके दिवस तो यंत्राकडे पाठ करून बसायचा, डोक्यावर काय चाललंय ते बघायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. चार बोटांपैकी दोनांवर एकेक पाय ठेवून कावळा ऐटीत बसला होता. त्याची शेपटी बरोबर मधोमध, एका बोटातून दुसऱ्या बोटात जाणाऱ्या आवाजाच्या वाटेत लोंबत होती. वाट्या फिरत्या होत्या तोवर त्याला कधी बसता आलं नव्हतं. कंपनीनं एवढा खर्च करून त्याच्यासाठी खास आसन पाठवलं होतं.

भोंग्याच्या डोक्यावरून मणभर ओझं उतरलं. आपला गळा निर्दोष सुटला.

"साहेब," तो वॉकीटॉकीत ओरडला, "कारण सापडलं. कावळा बसला!"

पलीकडून साहेबांचा थंड आवाज आला. "भोंगे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, हे मला सांगू नका. योगायोग तीन-तीनदा होत नाही. मला कारण हवंय, म्हण नको."

"म्हण नाही साहेब, कावळा!"

"तेच म्हणतोय मी."

"अहो साहेब, कावळा! काळा! पंख असलेला! यंत्रावर बसलाय, माझ्या डोक्यावर!"

साहेब खिडकीतून वाकून बघायला लागले. इतक्या लांबून त्यांना मनोऱ्याच्या टोकाला एक ठिपका दिसला, आणि ठिपका हा काही पुरावा होत नाही. "बरं, असेल कावळा," ते म्हणाले. "उडवा त्याला. आकडा खाली आला तर मानलं."

भोंग्यानं हात हलवला. कावळ्यानं ब्रेडकडे बघितलं. भोंग्यानं हुश्श केलं, टाळ्या वाजवल्या, हातमोजा भिरकावला. मोजा खाडीत गेला. कावळा जागचा हलला नाही, कारण या माणसाला घाबरायचं त्याला काहीच कारण नव्हतं. इतक्या वर्षांचं खाल्ल्या ब्रेडचं नातं होतं. उलट त्यानं मान तिरकी करून, आज मालकांना झालंय तरी काय, अशा नजरेनं खाली पाहिलं. तिकडे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. साहेब घड्याळ बघत असणार, हे भोंग्याला वरूनही कळत होतं.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर वेगळाच आवाज आला.

"अहो."

भोंग्याचा हात कठड्यावरून सुटता सुटता राहिला. बायको शाळेत निघाली होती आणि फाटकाशी अडकून मावशीच्या खोलीत आली होती.

"अहो, गा."

"काय?"

"गा म्हणते ना. तुम्ही गाता तेव्हा तो कावळा दिव्याच्या खांबावर जाऊन बसतो. थांबलात की परत येतो. गाऊन बघा."

"तुला कसं माहीत?"

"दिसतं मला. गा आता, माझा पहिला तास बुडतोय."

वीस-एक वर्षं ज्या बाईसमोर त्यानं शीळसुद्धा घातली नव्हती ती आज सगळ्या कचेरीदेखत त्याला गा म्हणत होती. त्यानं डोळे मिटले, एका हातानं खांब धरला आणि तेच खिडकीतलं गाणं सुरू केलं. पहिली ओळ थरथरली. दुसऱ्या ओळीला नेहमीचा भोंगा लागला.

कावळ्यानं पंख झाडले, अत्यंत नाराजीनं एकदा काव केलं आणि उडून दिव्याच्या खांबावर जाऊन बसला.

"बारा," मावशी म्हणाली. "साहेब, बारा. कावळ्याच्या शापानं गाय मरत नसेल, पण पूल मरतो बरं का." आणि तिनं फाटकं उघडली. जाता जाता पुलावरच्या कर्ण्याचं बटणही दाबून ठेवलं, चुकून म्हणे. त्यामुळे ते गाणं दोन्ही रांगांना ऐकू गेलं आणि त्या दिवशी पूल कधी नव्हे इतक्या झटपट मोकळा झाला. भोंगा गाणं अर्धवट सोडणाऱ्यांतला नव्हता. तो चारही कडवी गायला.

साहेबांनी खिडकीतून मनोऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग त्यांनी मावशीला हळूच विचारलं, "भोंगे हे यांचं आडनावच आहे ना?"

"आजपासून आहे," मावशी म्हणाली.

पुढं कंपनीनं यंत्रावर लावायला तारेचे खिळे पाठवले, पक्षी बसू नयेत म्हणून. कावळ्यानं ते एकेक करून वाकवले आणि त्यातला एक घरट्यासाठी नेला. भोंग्यानं साहेबांना वचन दिल्याप्रमाणे ब्रेड बंद केला होता, पण कावळ्याला जागाच आवडली होती, त्याला कोण काय करणार? शेवटी साहेबांनी पावतीखिडकीचा विषय सोडला. "भोंगे," ते म्हणाले, "महिन्यातून एकदा नको, आठवड्यातून एकदा जात जा. आणि ते... जे काय करता ते करून या."

हे झालं नंतर. पण त्या दिवशी संध्याकाळी भोंगा घरी आला तेव्हा बायको ओट्याशी भाजी चिरत होती. तो दारातच उभा राहिला. दिवसभर एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घुमत होता.

"तुला कसं माहीत, कावळा कधी जातो आणि कधी येतो?"

तिनं सुरी थांबवली नाही. "तुम्ही जास्तीचा ब्रेड मागता त्या दिवशी मी शाळेतून येताना पुलाच्या मध्ये स्कूटर थांबवते. तिथं थांबायची बंदी आहे. मावशी कर्ण्यावरून ओरडते, गाडी पुढं घ्या. मी प्लग काढून पुसत बसते. एवढा पुसलेला प्लग गावात कुणाचा नसेल."

"कधीपासून?"

"तुमचं नाव भोंगा पडलं तेव्हापासून. मावशीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं मला."

भोंग्याला आधी मावशीचा राग आला आणि मग कुणाचाच येईना. तो स्टुलावर बसला. "मग घरात का नको म्हणतेस?"

"घरात नाही हो ऐकवत," ती म्हणाली. "अजूनही नाही. तिसऱ्या कडव्यात तर तुम्ही जिना उतरता तसे घसरता. पण तिथं वर वारा असतो." तिनं चिरलेली भाजी ताटलीत सारली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बघितलं. "निम्मं तो घेऊन जातो. उरलेलं मला पुरतं."